मृत्यूवरचा एक अभ्यासक्रम : युक्तिवाद भक्कम, धर्मविचार घाईचा

मृत्यूच्या अर्थाविषयी तत्त्वज्ञान आणि धर्म काय सांगतात, या विषयावरचा बारा ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. पहिली पाच व्याख्याने तत्त्वज्ञानाची आहेत आणि अभ्यासक्रमाचे खरे बळ त्यांतच आहे.

दुसऱ्या व्याख्यानात अध्यापक फळ्यावर एक आडवी रेघ ओढतात आणि तिच्यावर जन्म आणि मृत्यू अशा दोन खुणा करतात. आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो, हे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे म्हणणे मांडून झाल्यावर ते जन्माच्या अलीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतात आणि त्याचा रोमन अनुयायी, कवी ल्युक्रेशियसचा प्रश्न विचारतात : आपण नव्हतो त्या काळाचे दुःख आपल्याला होत नाही, तर आपण नसू त्या काळाचे का व्हावे? मग ते काही न बोलता मृत्यूची खूण पुसून वीतभर अलीकडे करतात. मधला जो तुकडा गेला, तोच मृत्यूने हिरावून घेतलेला भाग, हा अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेलचा 1970 मधला मुद्दा त्या एका कृतीने इतका स्वच्छ होतो की पुढचे स्पष्टीकरण जवळजवळ अनावश्यक वाटते. नेगेलचे ल्युक्रेशियसला उत्तरही नीट येते : मृत्यू उशिरा आला असता तरी तो माणूस तोच राहिला असता, पण फार आधी जन्मलेला माणूस मुळात तो नसताच. मृत्यूवर विस्ताराने लिहिणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरची मात्र एका व्याख्यानाच्या उरलेल्या वेळात बोळवण केली आहे.

धर्मांकडे वळताच हा काटेकोरपणा हरवतो. कोणताही धर्म मृत्यूला शेवट मानत नाही, हे एकच सूत्र हाती धरून सगळ्या परंपरा त्यात ओवल्या आहेत. जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करण्याचा गीतेतला दृष्टांत आणि एका दिव्यावरून दुसरा दिवा लावण्याचा ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातला दृष्टांत हे दोन्ही एकाच दमात, जणू एकाच अर्थाचे म्हणून सांगितले जातात. वास्तविक वस्त्रे बदलणारा कोणीतरी असतो. ज्योतीच्या बाबतीत इकडून तिकडे जाणारे असे काहीच नसते, आणि नेमके हेच दाखवण्यासाठी त्या ग्रंथातला भिक्षू नागसेन तो दृष्टांत देतो. ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांमधले पुनरुत्थान तर याहून वेगळे आहे, कारण तिथे देह टाकून द्यायचे वस्त्र नसून पुन्हा उठवला जाणार आहे. मृत्यूनंतर काहीच उरत नाही असे मानणाऱ्या चार्वाकांचा उल्लेखच नाही. तो आला असता तर भारतीय परंपरेपुरते तरी हे सूत्र अंमळ सैल करावे लागले असते.

कठोपनिषदाचे व्याख्यानही असेच घाईत उरकले आहे. मेल्यानंतर माणूस उरतो की नाही, या नचिकेता नावाच्या मुलाच्या प्रश्नाला यम आधी बगल देतो. शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, सोने आणि हवे तेवढे आयुष्य माग, पण मरणाविषयी विचारू नकोस, असे तो विनवतो. खुद्द मृत्यूच त्या प्रश्नाला टाळतो, हा प्रसंग वगळून व्याख्यान थेट आत्म्याच्या अमरत्वावर पोहोचते. त्या मानाने किसागोतमीची गोष्ट संयमाने सांगितली आहे. मेलेल्या मुलासाठी औषध मागणाऱ्या तिला बुद्ध, कोणीही मेले नाही अशा घरातली मोहरी आणायला सांगतो. मोहरी प्रत्येक घरात मिळते, पण कोणी मेले नाही असे घर मिळत नाही, एवढे सांगून अध्यापक थांबतात.

तळपट्टीतल्या मजकुराबद्दल (सबटायटल्सबद्दल) न बोललेलेच बरे, तरी एक सांगतो : बौद्ध विचारावरच्या संपूर्ण व्याख्यानात ‘अनात्म’ (कायमचा आत्मा नाही, या अर्थाचा) हा शब्द ‘आत्मा’ असाच उमटत राहतो.

अभ्यासक्रम घ्यावा का, तर पहिल्या पाच व्याख्यानांसाठी जरूर घ्यावा. धर्मांसाठी मात्र मूळ ग्रंथांची भाषांतरे हाताशी ठेवावीत आणि आठव्या व्याख्यानात दिवा आणि वस्त्र एकत्र आले की तिथेच चित्रफीत थांबवून ती उघडावीत.