चांदीची फ्लूट वाजवणाऱ्यांनो, जुनी लाकडी फ्लूट घेण्याआधी हे वाचा

वर्षभरापूर्वी जिच्यामुळे मी फसले, तीच जाहिरात परवा पुन्हा दिसली. फोटो वेगळे, फ्लूट वेगळी, पण मजकूर शब्दशः तोच: आजोबांची जुनी लंडनची लाकडी फ्लूट, आठ कीज (भोकं उघडझाप करणाऱ्या धातूच्या चाव्या), आयरिश संगीतासाठी उत्तम, जाणकार वादकालाच द्यायची आहे. वर्षभर हे घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आता गप्प बसवत नाही.

मी मुंबईत पाश्चात्त्य शास्त्रीय फ्लूट शिकले, आठव्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या. वीस वर्षं वाजवते आहे. नोकरीसाठी डब्लिनला आले आणि स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबमध्ये पहिल्यांदा आयरिश फ्लूट हातभर अंतरावरून ऐकली. खालचा डी हा सूर इतका भरीव आणि किंचित खरखरीत, की पोटात जाणवतो. माझ्या फ्लूटवर तो आवाज निघत नाही. मला तो हवाच होता.

1847 साली थिओबाल्ड बोम यांनी आजची सरळ नळीची फ्लूट घडवली आणि हळूहळू ऑर्केस्ट्रांनी तीच धरली. जुन्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या लाकडी फ्लूट्स बाजूला पडल्या आणि स्वस्तात आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचल्या. लंडनच्या रुडॉल अँड रोझसारख्यांच्या फ्लूट्स वादक आजही जिवापाड जपतात. या ओढीवरच त्या जाहिरातवाल्या माणसाचा धंदा चालतो.

त्याची-माझी भेट एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये झाली. माणूस साठीचा, अतिशय गोड बोलणारा. मी ए लावून पाहिला, ट्यूनरवर 440 हर्ट्झ, म्हणजे आजच्या प्रमाण सुराला बरोबर. एक संथ धून वाजवली, छान वाटली. खरं म्हणजे त्या फ्लूटला सूर नव्हता, सुरात मी आणत होते. वीस वर्षांच्या सवयीने कान ऐकतो आणि ओठ न सांगता वळतात; सूर चढा लागला की फुंक आपोआप खाली जाते. नवशिक्याला जे पहिल्या मिनिटात खटकलं असतं, ते मला कळलंच नाही.

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, स्लाइड (हेड, म्हणजे तोंडाकडचा भाग, आत-बाहेर सरकवायची नळी) जुनी आहे, हलवू नका, हेड चिरेल. दुसरी, चांदीच्या फ्लूटवरून आलेल्यांच्या ओठांना बसायला तीन महिने लागतातच. मी 850 युरो तिथल्या तिथे पाठवले.

पुढचे तीन महिने मी स्वतःलाच दोष देत राहिले. सेशनमध्ये (पबमधल्या वादकांच्या बैठकीत) वेगाने रील (नाचाची द्रुत आयरिश धून) सुरू झाली की ओठांना सावरायला वेळ मिळायचा नाही आणि मी बेसूर व्हायचे. घरी येऊन तासन्‌तास लांब सूर भरायचे. ओठ आतून सोलवटले. नवरा म्हणाला, "अगं, वाद्यच खराब असेल." मी त्याच्यावर चिडले.

जुलैत कौंटी क्लेअरमधल्या मिलटाउन मालबेला विली क्लॅन्सी समर स्कूल या आयरिश संगीताच्या शिबिराला गेले. 1973 पासून दर उन्हाळ्यात तिथे वादक जमतात. वर्गातल्या गुरुजींनी फ्लूट मागून घेतली. हेड बाजूला काढून त्यांनी खालचं टोक बंद केलं, सगळ्या भोकांवर बोटं ठेवली आणि वरून हवा ओढली. धड फ्लूट असेल तर ती ओठाला काही क्षण चिकटून राहते. ही क्षणभरही चिकटली नाही. मग खिशातला पांढरा रुमाल हेडवरून फिरवला. रुमालावर काळा पट्टा उठला आणि बुटाच्या पॉलिशचा वास आला. त्याखाली तोंडाच्या भोकापासून वरपर्यंत केसासारखा तडा होता. आतल्या धातूच्या नळीवर लाकूड आकसलं की जुनी हेड्स अशी चिरतात.

स्लाइड घट्ट बसलेली नव्हती, ती जाणूनबुजून सेंटिमीटरभर बाहेर ओढून चिकटवलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ए सुमारे 452 इतका चढा लावत. 440 हा आकडा 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरला. माझी फ्लूट त्या चढ्या सुराची होती. हेड ओढून ए 440 वर आणता येतो, पण मग डाव्या हाताचे बी, सी शार्प फार उतरतात आणि उजव्या हाताचे सूर पुरेसे उतरत नाहीत. सगळं सप्तक वाकडं होतं. "लंडन" हा शिक्काही दुकानदाराचा. अशा फ्लूट्स तेव्हा जर्मनीतून घाऊक यायच्या. गुरुजी हे सगळं सांगत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. पैशांपेक्षा ते तीन महिने जास्त लागले.

त्याचा फोन बंद आहे. युरोपात दुकानातून ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत परत करता येते, खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला तो हक्क लागू नाही. गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार नोंदवली आहे.

जुनी फ्लूट बघायला जाल तेव्हा स्लाइड हलवून दाखवायला सांगा. नाही म्हटलं तर उठून या. ट्यूनर स्वतः बघू नका, सोबत आलेल्याच्या हातात द्या. डोळे मिटा, ओठ जागचे हलवू नका आणि खालचा डी, वरचा डी, ए, बी असे सरळ फुंका. आकडे त्याला लिहून घेऊ द्या. हवा ओढून बघा. पांढरा रुमाल न्या.

आणि पहिली फ्लूट जुनी घेऊच नका. आपल्याला सगळ्या कीजची सवय असते म्हणून आठ कीजचा मोह पडतो, पण सेशनमधल्या बहुतेक धुना डी आणि जी या स्वरपट्ट्यांत असतात, त्यांना सहा भोकं पुरतात. सी नॅचरल आडव्या बोटांनी, म्हणजे वरचं भोक उघडं ठेवून खालची झाकून, निघतो. हयात कारागिराने 440 ला बनवलेली बिनकीची डी फ्लूट घ्या, पॉलिमरची असली तरी चालेल; ती मुंबईच्या पावसात फुगत नाही की इथल्या हीटरने चिरत नाही. मी आता तीच वाजवते. पहिल्याच आठवड्यात सेशनमध्ये सूर लागला.

डब्लिनमध्ये कुणी फ्लूट बघायला जाणार असेल तर मला कळवा. ट्यूनर घेऊन मी बरोबर येईन.