अनपेक्षित वर्तन कळवताना: बग म्हणून, की डॉक्युमेंटेशनमधील उणीव म्हणून?

प्रोग्रामिंग भाषेच्या एखाद्या वर्तनाने आपण चकित झालो, तर ते मेंटेनरांना, म्हणजे ती भाषा सांभाळणाऱ्यांना, कळवण्याचे दोन मार्ग असतात. ते बग म्हणून नोंदवता येते, किंवा डॉक्युमेंटेशनमध्ये ते नीट सांगितलेले नाही असे कळवून सुधारित मजकूर सुचवता येतो. छोटे उदाहरण, आवृत्ती, अपेक्षित आणि प्रत्यक्ष आउटपुट हे दोन्हीकडे लागतेच, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

काही प्रसंगी निवडीचा प्रश्नच येत नाही. कंपायलर (कोडचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) स्वतःच क्रॅश होत असेल किंवा डॉक्युमेंटेशनमधील स्पष्ट विधानाच्या विरुद्ध उत्तर मिळत असेल, तर तो बगच आहे. ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कंपायलरने कोड वेगवान करण्याची, पातळी बदलताच उत्तर बदलत असेल, तर मात्र जरा थांबावे. सी भाषेत त्याचे मूळ पुष्कळदा आपल्याच कोडमध्ये असते, आणि जीसीसी या सी कंपायलरच्या सूचनांमध्येही बग नोंदवण्यापूर्वी सर्व वॉर्निंग चालू करून कोड तपासण्यास सांगितलेले आहे.

खरा पेच पडतो तो भाषेने जाणीवपूर्वक ठरवलेल्या, पण वाचणाऱ्याला अंदाज न येणाऱ्या वर्तनाबाबत. एका भाषेत स्वल्पविरामावर स्ट्रिंगचे (मजकुराचे) तुकडे करणारे फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगवर चालवले, की रिकामी यादी न मिळता एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी मिळत असे. मी ते बग म्हणून नोंदवले. उत्तर सभ्य होते आणि चूकही नव्हते: वर्तन हेतुपुरस्सर आहे, ते बदलल्यास जुने प्रोग्राम मोडतील. त्यासरशी नोंद बंद झाली. मला खटकले ते नकार मिळाला म्हणून नव्हे. डॉक्युमेंटेशन या बाबतीत गप्प आहे, असे मी त्याच नोंदीच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, आणि त्याला कोणी स्पर्शच केला नाही. बगचे लेबल लागले की चर्चा ‘कोड बरोबर की चूक’ एवढ्यावरच येते, आणि कोड बरोबर ठरला की बाकी सारे निकाली निघाल्यासारखे होते. पुढे तेच म्हणणे मी दोन वाक्यांच्या सुधारित मजकुराच्या रूपात पाठवले, तेव्हा ते फारशा चर्चेविना स्वीकारले गेले. हा एका माणसाचा अनुभव आहे. प्रत्येक प्रकल्पात असेच घडेल, असा माझा दावा नाही.

असा मजकूर किती उपयोगी ठरतो, हे पायथॉनच्या ‘राउंड’ फंक्शनवरून दिसते. २.६७५ हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केल्यास २.६८ ऐवजी २.६७ मिळतात, हा बग नसून बहुतेक दशांश अपूर्णांक बायनरीत तंतोतंत मांडता येत नसल्याचा परिणाम आहे, असे डॉक्युमेंटेशनमध्येच स्वच्छ लिहिलेले आहे. ती टीप वाचणारा माणूस नोंद करण्याच्या फंदात पडत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. गो भाषेत ‘फॉर’ लूपचे चल (व्हेरिएबल) सर्व फेऱ्यांमध्ये एकच असल्यामुळे क्लोजरमध्ये, म्हणजे भोवतालची चले वापरणाऱ्या फंक्शनमध्ये, अनपेक्षित मूल्य येई. ते अधिकृत प्रश्नोत्तरांत समजावलेले असूनही लोक अडखळतच राहिले, आणि अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या १.२२ आवृत्तीत प्रत्येक फेरीसाठी वेगळे चल मिळू लागले. जुना कोड मोडू नये म्हणून हा बदल १.२२ किंवा त्यापुढील आवृत्ती घोषित करणाऱ्या मोड्यूलांपुरताच ठेवला गेला. सगळ्यांनी डॉक्युमेंटेशनवर समाधान मानले असते, तर हे कदाचित घडले नसते. मात्र एवढा मोठा बदल एका नोंदीने होत नाही, हेही खरे.

त्यामुळे निश्चित काही ठरवता येत नसेल, तर मी डॉक्युमेंटेशनची नोंद आधी करण्याकडे झुकेन. तिच्यात गैरसमज निर्माण करणारे मूळ वाक्य जसेच्या तसे उद्धृत करावे, त्याखाली आपले वाक्य सुचवावे, आणि हा बग वाटल्यास लेबल बदलावे, अशी विनंती जोडावी. उघड्या नोंदीचे लेबल बदलणे मेंटेनरांना क्षणाचे काम असते. बंद झालेली नोंद पुन्हा उघडायला लावण्यासाठी मात्र बरीच विनवणी करावी लागते.