निनावी डिजिटल नाण्यांसाठी अंध स्वाक्षरी : आरएसए की श्नॉर?

निनावी देयकांसाठी अंध स्वाक्षरीची, म्हणजे बँकेने नाणे न पाहताच त्यावर डिजिटल सही करण्याची, पद्धत निवडणाऱ्यासमोर प्रामुख्याने दोन वाटा असतात : डेव्हिड चॉम यांच्या १९८२ च्या कल्पनेवर बेतलेली आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणिती वक्रावरची श्नॉर. एका छोट्या कूपन व्यवस्थेसाठी मी दोन्ही चालवून पाहिल्या आहेत.

कागदावर श्नॉरचे पारडे जड आहे. २०४८ बिटांच्या आरएसएची सही २५६ बाइटांची, तर श्नॉरची ६४ बाइटांची. शिवाय बँक नाणे न पाहता सही करत असल्याने नाण्याच्या प्रत्येक मूल्याला सहीची वेगळी किल्ली लागते आणि आरएसएच्या किल्ल्या तयार होताना माझा जुना सर्व्हर चांगलाच रेंगाळत असे.

माझा कौल फिरला तो नेटवर्क तुटण्याने. आरएसएमध्ये पाकीट (ग्राहकाच्या फोनमधले अ‍ॅप) नाण्याचा झाकलेला आकडा पाठवते आणि बँक त्यावर सही करते. उत्तर वाटेत हरवले, तर तोच आकडा पुन्हा पाठवून तीच सही मिळते, फक्त रक्कम दोनदा वजा होऊ नये एवढी नोंद ठेवावी लागते. श्नॉरमध्ये मात्र बँक आधी एका नॉन्सशी (एकदाच वापरायच्या गुप्त आकड्याशी) स्वतःला बांधून घेते, मग पाकिटाकडून चॅलेंज, म्हणजे ज्याला सहीने उत्तर द्यायचे तो आकडा, येते आणि त्यानंतर सही होते. एकाच नॉन्सवर दोन वेगळ्या चॅलेंजना उत्तर दिले गेले, तर बँकेची खासगी किल्ली साध्या वजाबाकी-भागाकाराने उघडी पडते. त्यामुळे प्रत्येक अर्धवट सत्र जपून ठेवणे आले. चाचणीत मी ऐन मधल्या टप्प्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकला, तेव्हा पाकिटाने पुन्हा जोडल्यावर नवे चॅलेंज पाठवले, सर्व्हरने ते योग्यच नाकारले आणि नाणे ‘प्रलंबित’ म्हणून लटकत राहिले.

त्यातच संशोधक बेनहमूदा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की २५६ बिटांच्या गटात (श्नॉरचे गणित ज्या संचात चालते त्यात) साधारण २५६ सत्रे एकाच वेळी उघडी ठेवता आली, तर साध्या अंध श्नॉरच्या जादा सह्या बनावट तयार करता येतात. यावर ‘क्लॉज’ श्नॉरचा उतारा आहे : दोन सत्रे समांतर उघडायची आणि बँकेने त्यांतले एकच पूर्ण करायचे. जीएनयू टालर या मुक्त देयक प्रणालीमध्ये आरएसएबरोबर हाही पर्याय मिळतो, तेव्हा श्नॉर टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. नाणी क्यूआर कोडमध्ये बसवायची असतील, तर कदाचित तीच सोयीची ठरेल. पण माझ्यासारख्या एकट्याने सांभाळायच्या व्यवस्थेला हा दुहेरी हिशेब जड जातो. आरएसएसाठी ऑक्टोबर २०२३ पासून आरएफसी ९४७४ हा इंटरनेटवरचा तांत्रिक दस्तऐवज हाताशी आहे, आणि किल्ल्या तर मी रात्रीच तयार करून ठेवतो.