व्हॅक्यूम सीलर: एक पावसाळा आणि एक मटारचा हंगाम काढल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यात साठवणीचं सामान भरताना व्हॅक्यूम सीलर घेतला. पिशवीचं तोंड फटीत सरकवून झाकण दाबायचं, की हवा ओढून तोंड चिकटतं, तो साधा घरगुती प्रकार. मधे इंदूरचा पावसाळा गेला, मटारचा हंगामही सरत आला, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

विकणारा आधी दाबाचे आकडे सांगतो, उणे ०.८ बार वगैरे. माझ्या मते घरच्या कामात ०.६ आणि ०.८ मधला फरक कळतही नाही. मशीन टिकतं की नाही ते ठरतं दुसरीकडे: झाकणाच्या आतली मऊ गास्केट (हवा आत शिरू न देणारी पट्टी), तापणाऱ्या पट्टीवरची टेफ्लॉनची टेप आणि पंप. झाकण कायम लॉक करून ठेवलं की गास्केट चपटी होते, मग मशीन नुसतं घुर्रर्र करत बसतं आणि पिशवी ढिली ती ढिलीच. म्हणून काम झालं की लॉक उघडून ठेवायचं. टेप करपून तपकिरी झाली की पिशवी पट्टीला चिकटते. टेप बदलता येते, पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. गास्केटसाठी मात्र कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, नवीन मॉडेल पाहा ना!" वर्ष न झालेल्या वस्तूबद्दल हे ऐकून डोकं फिरलं. तेव्हा पैसे देण्याआधी गास्केट सुटी मिळते का, एवढं विचाराच. आणि लागोपाठ पिशव्या बंद करू नका, पट्टीला मधे अर्धा मिनिट तरी विसावा द्या.

सील नीट झालं की नाही ते उजेडासमोर धरून बघावं. सलग, पारदर्शक रेघ दिसली तर ठीक. मधे पांढुरका डाग किंवा चुणी असेल तर चार दिवसांत हवा शिरणार. चुणी पडली की मी तेवढं तोंड कापून पुन्हा सील करते.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो दाणे, सुकं खोबरं आणि काजू यांचा. तेलाचे पदार्थ हवेतल्या ऑक्सिजननं खवट होतात, तोच काढून घेतल्यावर ऑगस्टमध्ये फोडलेलं खोबरं मेमधल्यासारखं निघालं. रव्याला यंदा जाळी धरली नाही. सासूबाईंचा आधी बरणीवरच भरवसा होता, आता दाण्यांच्या पिशव्या त्याच मागतात. भाजणी किंवा मसाला भरताना पिशवीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची घडी ठेवते, नाहीतर पीठ ओढलं जाऊन पंपात जातं. लवंग, दालचिनी, कुरडया यांची टोकं मात्र पिशवीला भोकं पाडतात. त्या डब्यातच बऱ्या.

शेवेचं वेगळं. पुण्याच्या नणंदेला इंदुरी नमकीन पाठवायचं म्हणून हे मशीन घेणार असाल तर थांबा. हवा ओढली की शेवेचा चुरा होतो. नुसतं 'सील'चं बटण दाबावं. आत हवा राहते, पण बाहेरची ओल शिरत नाही, शेव सादळत नाही. पाकिटबंद नमकीन फुगलेलं असतं ते चुरा होऊ नये म्हणूनच, त्यात नायट्रोजन भरलेला असतो.

मटार दोनेक मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढायचे, कोरडे करून ताटात पसरून आधी गोठवायचे, मग पिशवीत. ओले भरले तर पाणी सीलच्या जागी येतं आणि तोंड चिकटत नाही. पाणी साठणारा ट्रे काढून धुता येतो की नाही, हेही घेताना बघा.

एक गोष्ट ठासून सांगते: हवा काढली म्हणजे फ्रिजची गरज संपली असं नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवा नसतानाच वाढतो, आणि त्याच्या विषाला वास येईलच असं नाही. कच्चा लसूण आणि मशरूम मी यात भरतच नाही. शिजवलेलं काही भरलं तर सरळ फ्रीझरमध्ये, आणि ते बाहेर ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही. कच्चा कोबी, फ्लॉवरही नको, त्यातून वायू सुटून पिशवी फुगते.

खरा खर्च पिशव्यांचा. या मशीनला एका बाजूनं खरबरीत नक्षी असलेलीच पिशवी लागते, साध्या पिशवीतून हवा ओढली जात नाही. साध्या पिशव्या चालणारी, अख्खी पिशवी आत ठेवायची चेंबरची मशीन असतात, पण ती जड, महाग आणि आपल्या ओट्याला न झेपणारी. मी २८ सेंटिमीटर रुंदीचा रोल आणून हवी तेवढी कापते. कंपनीचाच रोल हवा असं काही नाही, दुसरा स्वस्तातलाही नीट चिकटतो. तोंड लांब ठेवलं की दाण्यांची पिशवी धुऊन दोनतीनदा वापरता येते. अनेक थरांचं हे प्लॅस्टिक शेवटी सुक्या कचऱ्यातच जायचं, आणि सकाळी गाडीत आपणच टाकताना ते किती जमलंय ते दिसतं. म्हणून महिनाभरात संपणारी डाळ-साखर मी यात भरत नाही.