शॅडो की सिनॅमन स्लेट? दोन जांभळट करड्या रंगांची तुलना

न्यू जर्सीत मुख्यालय असलेल्या बेंजामिन मूर या रंग बनवणाऱ्या कंपनीने २०१७ साठी ‘शॅडो’ आणि २०२५ साठी ‘सिनॅमन स्लेट’ हा वर्षाचा रंग म्हणून निवडला होता. नमुन्याच्या चिठोऱ्यावर दोन्ही करड्यात मुरलेले जांभळे वाटतात. भिंतीवर चढल्यावर मात्र त्यांचे स्वभाव वेगळे होतात.

शॅडोचा क्रमांक २११७-३० आहे, तर सिनॅमन स्लेटचा २११३-४०. या मालिकेत शेवटचा आकडा लहान असेल तितका रंग गडद असतो, त्यामुळे येथे पहिला फरक झाकेचा नसून गडदपणाचा आहे. शॅडोचा केवळ गडदपणा खटकत असेल, तर दुसऱ्या रंगाकडे वळण्यापूर्वी २११७ च्याच पट्टीतील ४० क्रमांकाची छटा पाहावी.

खरी परीक्षा उजेडाची आहे. उत्तरेकडच्या खोलीत दिवसभर निळसर प्रकाश असतो. तेथे शॅडो थंड आणि पाटीसारखा दिसू लागतो, तर सिनॅमन स्लेट आपल्या तपकिरी अंगामुळे ऊब टिकवून धरतो. संध्याकाळी २७०० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली हे चित्र उलटते: सिनॅमन स्लेटमधला जांभळा बराचसा विरून तो मातकट होतो आणि शॅडोचा जांभळेपणा शाबूत राहतो. त्यामुळे दिवसा वापरायच्या बैठकीच्या खोलीसाठी सिनॅमन स्लेट आणि मुख्यतः रात्री वापरल्या जाणाऱ्या जेवणघरासाठी शॅडो, असा माझा कौल आहे.

पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग असल्याने ओक लाकडाच्या पिवळसर फरशीशेजारी दोन्ही रंग अधिक जांभळे भासतात. (देवघरामागची भिंत रंगवायची असेल, तर पितळी समई शॅडोपुढे फार देखणी दिसते.) छताला आणि चौकटींना शॅडोसोबत स्वच्छ पांढरा शोभतो, सिनॅमन स्लेटशेजारी तोच पांढरा कोरडा वाटतो, म्हणून तेथे किंचित मलईकडे झुकणारा घ्यावा.

शॅडोखाली करड्या छटेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, लावून घेणे शहाणपणाचे, आणि भिंतीवरचे डाग-ओरखडेही शॅडोवर लवकर दिसतात. लहान मुलांच्या घरात याचा विचार व्हावा. नमुना जुन्या रंगावर थेट न लावता पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन, कडेला पांढरी पट्टी सोडून लावावा, आणि तो पुठ्ठा आडवा न ठेवता भिंतीला उभा टेकवून, ज्या वेळी खोली सर्वाधिक वापरात असते त्या वेळीच पाहावा.