तोट्याच्या निकालाच्या दिवशी अमेरिकी शेअरची अ‍ॅपं: एक परीक्षण

ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांत मेमरी चिपच्या शेअरची चर्चा जोरात आहे, आणि अमेरिकी शेअर घेऊन देणाऱ्या अ‍ॅपांचा धंदाही. खातं उघडणं सोपं आहे: पॅन, पत्त्याचा पुरावा, डब्ल्यू-8बेन (आपण अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा) फॉर्मवर ई-सही, संपलं. कस लागतो तो कंपनी तोटा जाहीर करते तेव्हा.

28 मार्च 2023 ला मायक्रॉन या अमेरिकी मेमरी चिप कंपनीने तिमाहीचा 231 कोटी डॉलर निव्वळ तोटा दाखवला. पडून असलेल्या मालाची किंमत हिशेबात खाली आणली, ती रक्कमच 143 कोटींची होती. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे 7 टक्के वर! 7 एप्रिलला कोरियाच्या सॅमसंगने तिमाहीचा नफा 96 टक्के घटल्याचं सांगितलं, सोबत मेमरीचं उत्पादन कमी करत असल्याचंही. तोही शेअर 4 टक्क्यांहून जास्त चढला. त्या तिमाहीत सॅमसंगच्या चिप विभागाचा तोटा 4.58 लाख कोटी वॉन होता. बाजाराचं लक्ष पुढे होतं: उत्पादन आटलं की साठा उतरतो, मग भाव सावरतात. शिवाय किंमत कमी करून ठेवलेला माल पुढे विकला की मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) आपोआप बरं दिसतं.

यातलं अ‍ॅपच्या पडद्यावर काय दिसतं? पी/ईच्या (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा) जागी एक आडवी रेघ, नाहीतर लाल रंगातला उणे आकडा. नवखा माणूस तिथेच बिचकतो. मेमरीच्या धंद्यात पी/ई सगळ्यात स्वस्त दिसतो तो बहुधा तेजीच्या टोकाला, नफा फुगलेला असताना. तोट्याच्या काळात पी/बी (भाव भागिले दर शेअरमागचं पुस्तकी मूल्य) आणि साठ्याचे दिवस, म्हणजे हातातला माल किती दिवस पुरेल, ते बघायचं असतं. पी/बी खाली कोपऱ्यात मिळतो. साठ्याचे दिवस मात्र कंपनीच्या निकालाच्या टिपणातूनच काढावे लागतात. मायक्रॉनचे तेव्हा 153 दिवस होते, आणि किंमत खाली आणली नसती तर 235. या एका आकड्यासाठी पडद्यावर जागा नसावी, ही मोठी उणीव आहे. सॅमसंग तर शोधून सापडत नाही, कारण अमेरिकी बाजारात त्याची नोंदणीच नाही. कोरियाचा ईटीएफ (बाजारात शेअरसारखा विकला जाणारा, अनेक कंपन्यांचा फंड) घेता येतो, पण त्यासोबत तिथल्या बँका आणि मोटार कंपन्याही गळ्यात पडतात.

वेळेचं गणित आपल्या बाजूचं आहे. उन्हाळी वेळेत अमेरिकी बाजार आपल्याकडे रात्री 1:30 ला बंद होतो, निकाल त्यानंतर येतो आणि बाजार पुन्हा उघडतो संध्याकाळी 7 ला. ठाण्याहून सीएसएमटीला जाता-येता निकालाचं टिपण वाचून होतं. पण डॉलर आधीच खात्यात हवेत. निकाल वाचून पैसे पाठवायला निघालात तर ते पोचेपर्यंत उसळी होऊन गेलेली असते.

पैसे अडकतात ते बहुतेक दोनच कारणांनी. पहिलं, बँकेचा ए2 (परदेशी पैसे पाठवण्याचा) फॉर्म: त्यात पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातात त्याचा संकेतांक, एस0001 (परदेशी शेअर) निवडायचा आणि संदर्भाच्या रकान्यात ब्रोकरकडचा खातेक्रमांक न चुकता लिहायचा. तो राहिला तर रक्कम तिकडे बेवारस पडते. दुसरं म्हणजे संयुक्त खातं: पाठवणाऱ्याच्या जागी जोडीदाराचं नाव गेलं की रक्कम परत येते, आणि दोन्ही वेळच्या विनिमय दरातला फरक आपल्या माथी.

बँकेचं पाठवणीचं शुल्क बहुधा दर वेळचं ठरावीक असतं, त्यामुळे दरमहा पाच हजार पाठवणं महागात जातं. जीएसटी एका लाखावर 180 रुपये, म्हणजे किरकोळ. खरा चिमटा डॉलरच्या दरात लपलेला असतो. शाखेत त्यावर घासाघीस करता येते, अ‍ॅपमध्ये नाही. वर्षाला 10 लाखांपुढे 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँकेने घेतलेला आगाऊ कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो.

बऱ्याच अ‍ॅपांत अपूर्णांकात शेअर घेताना लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावापेक्षा महाग न घेण्याची) चालत नाही. निकालानंतरच्या संध्याकाळी भाव मोठी उडी घेऊनच उघडतो, म्हणून त्या दिवशी पूर्ण शेअर, लिमिट लावून घ्यावा.

कराचं विवरण मात्र छान मिळतं. शेड्यूल एफएसाठी (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता) जानेवारी ते डिसेंबरचा तक्ता वेगळा येतो, वर्षातल्या सर्वाधिक मूल्यासकट. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला एक केवळ या तक्त्यासाठी.