कोरीच्या पिल्लांसाठी कवच काढलेली आर्टेमिया अंडी: घ्यावीत का?

कोरीडोरास (थोडक्यात कोरी) हा टँकमध्ये पाळला जाणारा मिशावाला छोटा मासा. त्याची पिल्लं तळाशी चरतात, त्यामुळे तरंगणारी पावडर त्यांच्या तोंडी लागतच नाही. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव; त्याची कवच काढलेली अंडी इथे कामाला येतात. जिवंत आर्टेमियासाठी लागणारं मीठपाणी, पंप, 24 तास उबवणं ही खटपट वाचते.

अंड्यातून बाहेर आलेली कोरीची पिल्लं पहिले 2-3 दिवस पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. तेव्हा पाकीट उघडूच नका. नंतर चिमूटभर अंडी टँकच्याच पाण्यात 15 मिनिटं भिजवून ड्रॉपरने तळाशी सोडायची, दिवसातून 3-4 वेळा. कोरडी टाकली तर वरच तरंगतात.

खरी गोम पुढे आहे. ही अंडी मेलेली असतात. न खाल्लेली कुजतात, अमोनिया वाढतो, तळ घाण राहिला की मिशा झडतात आणि दोष मात्र खाद्याला मिळतो. एअरलाइनच्या (हवेच्या पंपाच्या बारीक) नळीने रोज तळ ओढून काढा, 20-30 टक्के पाणी त्याच तापमानाचं बदला. स्पंज फिल्टर हवाच.

जिवंत आर्टेमियावर पिल्लं जास्त तुटून पडतात, हे मान्य. रोज उबवणं जमत असेल तर ही अंडी दुय्यमच. नोकरीवाल्यांना मात्र सोयीची. मोठं पाकीट घेऊ नका, दमट हवेत खवट होतं. हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवा.